जंगलाशेजारी गरिबी का दिसते?

काल कट्ट्यावर मास्तरांनी मोबाइलवर दोन नकाशे दाखवले आणि वाद पेटला. एकात जंगल कुठे, दुसऱ्यात गरिबी कुठे. एकावर एक ठेवले तर बऱ्याच जागी हिरवं आणि गरीब एकत्रच.

"म्हणजे जंगलामुळेच माणसं मागे राहिली," वकील म्हणाला.

मास्तर उसळलेच. "जंगल आहे म्हणून तगली, असं म्हण! २४ देशांतल्या सुमारे ८ हजार कुटुंबांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्पन्नातला २८ टक्के वाटा जंगल, नदी, माळरानातून आलेला. सरपण, मध, कंद, चारा. नेहमीच्या पाहण्यांत हे बहुतेक वेळा विचारतच नाहीत."

"मग नकाशात भरा की," वकील म्हणाला. "केनियानं २००७ च्या ॲटलासमध्ये पाणी, लाकूड, दूध, वन्यप्राणी अशा परिसंस्थेच्या सेवांचे, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या गोष्टींचे, नकाशे गरिबीशी ताडून पाहिलेच आहेत."

मला तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही. खारफुटीचंच बघा. थायलंडच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांसाठी ती मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. अशा किनाऱ्यावरची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं, मुळांमधल्या बिळात हात घालून खेकडा ओढायचा. तिथं तळं झालं की नकाशातल्या त्या चौकोनाचं उत्पन्न वाढतं, सरासरी गरिबी घटते. ती मात्र कुंपणाबाहेर. शिवाय लाटेचा जोर मोडणारी झाडं गेली, तो फटकाही आधी तिच्याच झोपडीला.

"अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाबद्दल हेच दाखवलं," मी म्हटलं. "अन्न असूनही माणसं मेली, कारण त्यावर त्यांचा हक्क पोचत नव्हता. सेवा कुठे आहे हे रंगवलंत, पण ती कुणाच्या हाती लागते ते कुठंय?"

"हक्क रंगवणार कसा? अर्धा तोंडी असतो, मोसमागणिक बदलतो." वकिलाचा हा मुद्दा बिनतोड होता.

मास्तर म्हणाले, "पाण्याचं तर आणखी अवघड. वर डोंगरावर जंगल राखणारा एक, खाली पाणी पिणारा दुसरा. तिथं रंग उपयोगाचे नाहीत, बाण काढावे लागतील."

"आणि माणसांना विचारावं लागेल," मी म्हटलं. "कुठल्या महिन्यात आत जाता? कुणाला विचारून? शेवटचं कधी अडवलं?"

"एवढं विचारेपर्यंत जंगल संपेल," वकील म्हणाला. ही भीती खोटी नाही. म्हणून म्हटलं, सगळा देश नको, एकच पाणलोट घ्या. तो अजून तयार नाही.