संकासुर चालतो, मग फासा का नको?

चिपळूणच्या पालकांच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: पुराचा धसका घेतलेल्या मुलांना थेरपीच्या नावाखाली राक्षसांचा परदेशी खेळ खेळवतात, या खेळानं अमेरिकेत मुलं वेडी झाली, भरत आलेली जखम त्यात उकरली जाते, वेळ हेच औषध आहे. ज्या टेबलाबद्दल हे लिहिलंय तिथे दर रविवारी मी मुलांसोबत डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ चालवते, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, आणि शेजारी एक समुपदेशक बसलेली असते. त्यामुळे उत्तर मलाच द्यायला हवं.

"अमेरिकेत मुलं वेडी झाली." हा खेळ १९७४ साली आला. १९७९ मध्ये मिशिगनमधला १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हरवला, अशी बातमी देशभर पसरली. त्याचा शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेरानंच १९८४ मध्ये लिहिलं की कारण खेळ नव्हता, मुलगा आधीपासूनच खचलेला होता. तोवर अफवा गावोगाव पोचली होती. आता ती आपल्याकडे आली आहे.

"राक्षसांचा परदेशी खेळ." राक्षस आपल्याला परके कधीपासून झाले? शिमग्यात काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासुर दारात येतो तेव्हा पोरं किंचाळत आईच्या पदराआड लपतात आणि पुढच्याच क्षणी त्याच्या मागे धावतात. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात, पात्र उभं राहतं आणि सुचेल तसं बोलतं. आमच्या टेबलावरही तेच चालतं. मी प्रसंग सांगते, "तू काय करतोस?" विचारते, मूल ठरवतं, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

"जखम उकरली जाते." ही भीती खोटी नाही. खेळ बेफिकिरीनं चालवला तर तसं होऊ शकतं. म्हणूनच पहिल्या रविवारी आम्ही खेळतच नाही. काय अजिबात नको आणि काय आलं तरी पडद्याआड राहू दे, हे मुलं चिठ्ठ्यांवर लिहितात. टेबलाच्या मध्यावर एक्स लिहिलेलं कार्ड असतं. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी काढलेली ही युक्ती आता जगभर वापरतात. कुणीही कार्डाला हात लावला की प्रसंग थांबतो, आणि कारण विचारायचं नसतं.

एका मुलाचं सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, दिवसभर माळ्यावर बसून होता. चिठ्ठीवर त्यानं पाण्याचं काहीच लिहिलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी वाटेत ओढा लागला, मी "पाणी वाढतंय" म्हणाले, आणि त्यानं कार्ड दाबून धरलं, नखं पांढरी होईपर्यंत. मी ओढा काढून टाकला, वाट डोंगरावरून नेली. पुढचे कित्येक रविवार आम्ही डोंगरातच होतो. मग श्रावणात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, तोच म्हणाला, "ताई, खाली साकव असेल ना? मी आधी जातो, दोर बांधतो, मग बाकीचे." फासा चारवर पडला. त्याचं पात्र घसरलं, एका मुलीच्या पात्रानं दोर धरला. तो हसला, म्हणाला, "परत टाकू?"

खऱ्या पुरात त्या पोराच्या हातात काही नव्हतं. इथे पाणी कधी येणार हे त्यानं ठरवलं. याला जखम उकरणं म्हणणाऱ्यानं एकदा त्या टेबलाशी येऊन बसावं.

"वेळ हेच औषध." बऱ्याच मुलांना वेळ पुरतो, हे खरं. ज्यांना पुरत नाही ती मुलं फक्त बोलायची थांबतात. आभाळ भरलं की पोटात दुखतं, रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपतात, आणि घरचे म्हणतात, विसरला बिचारा.

पण हा खेळ म्हणजे उपचार, असं मात्र कुणी पसरवू नका. त्यावरचे अभ्यास अजून थोडे आणि छोटे आहेत. आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करणारा उपचार) या पद्धती सुचवल्या, आणि त्या प्रशिक्षित माणसानंच करायच्या असतात. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. आमच्या टेबलावरची दोन मुलं समुपदेशकाच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे जाऊ लागली. दोघंही रविवारी खेळायला येतात.