आमरीचा पाहुणचार

आमच्या घरी पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले की त्याच्या पानात आणखी एक पोळी पडते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेल्या जांभळ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचाही (मराठीत आमरी) पाहुणचार आम्ही याच रीतीने केला. पहिली फुले अडीच महिन्यांनी गळताच आईने तांदळाचे धुवण आणि मी शेणखत असा दुहेरी आग्रह सुरू केला. परिणामी पाने केळीशी स्पर्धा करू लागली, निम्मी मुळे कुजली आणि फुलाचा पत्ता नव्हता.

रोपवाटिकेतल्या माळीबुवांनी कुंडी हुंगली आणि आधी माझ्याकडेच पाहिले. ही आमरी झाडाच्या फांदीवर बसून पावसाच्या पाण्यातून ओघळेल तेवढ्यावर निभावणारी. आंब्यावर फुलणारी आपली सीतेची वेणी हिचीच नातलग. (आई दोघींना बांडगूळ म्हणते, पण बांडगूळ झाडाचा रस पिते, ह्या बिचाऱ्या फक्त बसायला जागा मागतात.) त्यांनी माती काढून लाकडाची साल आणि कोळसा भरला आणि १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) पाकिटावरील मात्रेच्या पाव हिश्शाने, तेही मुळे आधी भिजवून, आठवड्यातून एकदाच देण्यास बजावले. चौथ्या आठवड्याला नुसते पाणी, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. लिटरला अर्धा ग्रॅम खत मोजण्यासाठी मी सोनाराकडे असतो तसला काटा आणला, तेव्हा आई म्हणाली, ‘‘अरे, एवढ्याने चिमणीचंही पोट भरायचं नाही.’’

तेव्हापासून चंदेरी मुळे पाणी पडताच हिरवी होताना पाहणे, पानांच्या बेचक्यात साचलेला थेंब कापसाने टिपणे आणि डिसेंबरात पुण्याची थंडी तिला सोसेल इतपतच लागावी म्हणून रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवणे, हा माझा दिनक्रम झाला. रात्रीचा गारवा तीनचार आठवडे मिळाला की फुलांचा दांडा फुटतो, असे माळीबुवांनी सांगितले होते. जानेवारीत एक हिरवे टोक दिसले आणि मी पेढे वाटले. ते मूळ निघाले. मुळाचे टोक गोल असते आणि दांड्याचे लहान मुलाच्या हातमोज्यासारखे चपटे, हे ज्ञान पेढे संपल्यावर झाले.

खरा दांडा त्यानंतर पंधरा दिवसांनी आला आणि एप्रिलमध्ये पहिली कळी उमलली. पहाटे साडेपाचला उठून पाहतो, तर आई आंघोळ करून, हातात फुलांची परडी घेऊन कुंडीसमोर उभी होती आणि देठाकडे तिची दोन बोटे निघालेली होती. ‘‘पहिलं फूल देवाचंच,’’ ती म्हणाली. सध्या रात्री माझी खाट कुंडीशेजारी असते.