दुपारची फेरी? नको रे बाबा!

"गर्दी टाळायला दुपारचीच फेरी घ्या" हा प्राणी-सफारीवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. दुपारी गर्दी नसते ती उगाच नाही! आम्ही नांदेडहून नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात बसमधून सफारी करायला गेलो ते मे महिन्यात, आणि बस मिळाली नेमकी दुपारची. वाघोबा मानेपर्यंत पाण्यात, बिबट्याचा पत्ताच नाही. वाघाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे ऊन चढलं की तो पाण्यात नाहीतर सावलीत पडून राहणार. हिंडणार तो सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. रोही (नीलगायी) तेवढे भरपूर दिसले. पण ते तर आत्याच्या शेतातला हरभरा फुकटात फस्त करतात, त्यांच्यासाठी तिकीट कशाला काढलं, असं पोरं विचारायला लागली.

लहान मुलं असतील तर हिवाळ्यात जा, सकाळची पहिली बस धरा. दशम्या-चटणी सोबत घ्या, फक्त बसमध्ये डबा उघडू नका.