आधी पत्रा कापायचा, मग वारसा म्हणायचं

आज सकाळी एक रील बघितली आणि डोकं सटकलं.

प्रीमियर पद्मिनी. बाहेरून मॅट राखाडी रंग, काळी अलॉय व्हील्स. इथपर्यंत ठीक, ज्याची त्याची आवड. मग कॅमेरा आत गेला. डॅशबोर्डवर पाटीएवढा टचस्क्रीन, लाल लेदरच्या दोन सुट्या सीट, त्यांच्यामध्ये कन्सोल, कन्सोलमध्ये कप होल्डर आणि जमिनीतून वर आलेला गिअर. इंजिन कुठल्याशा व्हॅनचं. खाली ओळ लिहिलेली, 'आजोबांचा वारसा जपला'. त्यावर बदामांचा पाऊस.

अरे, जपलं काय? आजोबांची नंबर प्लेट?

माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांच्या घरी कधी ना कधी फियाट होती, त्यामुळे ही गाडी काय होती हे तुम्हाला सांगायची गरज नाही. (कागदावर ती 1974 पासून पद्मिनी. आपण मरेपर्यंत फियाटच म्हणणार.) नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, मग एक दिवस कुर्ल्याच्या कारखान्यातली ती चार दरवाज्यांची पेटी दारात यायची. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची कंपनी. 1089 सीसीचं इंजिन, सकाळी चोक ओढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

तो गिअर तिथे का होता, हे या रीलवाल्यांना कुणी समजावेल का? गिअर वर, म्हणून खाली जागा मोकळी. जागा मोकळी, म्हणून पुढे अखंड बाक. आणि अखंड बाक, म्हणून पुढे तिघं. आमच्याकडे ती तिसरी जागा माझी. आईबाबांच्या मध्ये. बाबांनी गिअर बदलला की त्यांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं, मी चिडून आईकडे सरकायचो, आई म्हणायची, 'नीट बस रे, गिअर पडू दे त्यांना.' दादा मागे खिडकीशी राजासारखा. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात गाडी हमखास गचके द्यायला लागायची. गरम होऊन पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसताच हवा ओढत बसायचा. बाबा शांतपणे बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि आईच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतून ते फडकं पंपावर टाकायचे. दहा-पंधरा मिनिटं सगळे झाडाखाली. मग गाडी आपली आपण सुरू. त्या तांब्यातलं पाणी पंपाला आधी, आम्हाला नंतर.

आमची 1982 ची, क्रीम रंगाची. बाबा गेल्यावर दादाने ती एका गॅरेजला दिली. गॅरेजचं नाव घेत नाही, घ्यायची लायकी नाही. दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर वहिनी फोन करेल. त्याला वाटलं, गाडी पडून सडण्यापेक्षा चालती करावी. मला बघायला बोलावलं तेव्हा तो इतका खुशीत होता की मला पहिली पाच मिनिटं तोंडच उघडता आलं नाही. नवा गिअरबॉक्स, खाली गिअर, एसी, सगळं. मी सवयीने हात स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला नेला. तिथे दांडा नव्हता. भोकावर काळं रबरी बूच बसवलेलं होतं, बेसिनला असतं तसं.

कार्पेट उचललं तर खाली ग्राइंडरने कापलेला पत्रा आणि त्यावर वेल्डिंगचे वेडेवाकडे डाग. प्रायमरसुद्धा धड मारलेला नाही.

आता नीट वाचा, कारण मुद्दा इथे आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. फियाटने 1953 मध्ये 1100 चं जे मॉडेल काढलं, ज्याच्यावरून आपली पद्मिनी आली, ते तसंच बांधलेलं होतं. म्हणजे जमिनीचा पत्रा कापला की तुम्ही सजावट करत नाही, गाडीचा कणा कापता. नव्या सीटखाली झाकला म्हणून तो जोडला जात नाही.

पुण्यात वाडे पाडले तेव्हा दिंडी दरवाजाचं सागवान कापून त्याची कॅफेची टेबलं केली आणि वर काच टाकून 'हेरिटेज' लिहिलं. तीच जात ही.

बरं. चहा घेऊन आलो. जरा शांतपणे लिहितो.

मी काही 'वायसरसुद्धा त्याच सालचा हवा' म्हणणाऱ्यांतला नाही. ते लोक मला रॅलीत भेटतात आणि अर्ध्या तासात नकोसे होतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आजच्या एक्सप्रेस वेवर, मागे मुलं बसवून, कंटेनरच्या पुढे चालवायची? नका चालवू. पुढे डिस्क ब्रेक लावा, जुने ड्रम खोक्यात घालून माळ्यावर टाका. सीटबेल्ट लावा. हेडलाइटला रिले टाका, नाहीतर रात्री पुढे मेणबत्ती धरल्यासारखा उजेड पडतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, ते जुन्या रबराला सुखाने जगू देत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदला. यातलं सगळं उद्या उलटं फिरवता येतं. पान्याने लावलं, पान्याने काढलं. माझी तक्रार पान्याशी नाहीच, ग्राइंडरशी आहे.

आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या? त्यांनी सीएनजीची टाकी बसवली, टपावर कॅरिअर ठोकलं, आतल्या छताला फुलाफुलांचं रेक्झिन लावलं. त्यांना मी एका शब्दाने बोलणार नाही. ते पोटासाठी होतं, आणि त्या गाड्या शेवटच्या दिवसापर्यंत राबल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. कॅरिअर काढून 'ओरिजिनल' केलेली काळीपिवळी कुणी मला दाखवली तर मी त्याच्यावरही चिडेन. त्या गाडीचं खरं रूप तेच.

(दादाने यावर 'मग मी पण गरजेपोटीच केलं' असं म्हणायच्या आत सांगतो: कप होल्डर ही गरज नाही.)

हो, कंपनीनेच शेवटच्या वर्षांत खाली गिअरवाली पद्मिनी काढली होती. माहीत आहे. मग ती शोधून घ्या ना!

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना आहे, फिवा. जुन्या गाड्या इलेक्ट्रिक करायची लाट आली तेव्हा 2019 मध्ये त्यांनी साधी गोष्ट सांगितली: अशी गाडी आमच्या व्याख्येत ऐतिहासिक राहत नाही, पण करायचंच असेल तर उलटं फिरवता येईल असं करा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून सांभाळून ठेवा. ब्रिटनच्या राजपुत्राने 2018 च्या लग्नात जी इलेक्ट्रिक केलेली 1968 ची जॅग्वार ई-टाइप चालवली, तिच्यावरून तिकडे केवढी हाणामारी झाली. जॅग्वार कंपनीचं उत्तर काय, तर जुनं इंजिन परत बसेल असंच काम केलंय. आवडो न आवडो, निदान विचार केलेला. आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं, 'जुनी सीट कुठाय?' तर उत्तर आलं, 'भंगारात दिली साहेब, जागा खात होती.'

जागा खात होती!

आमची तिघांची जागा होती ती.

आणि ज्यांना भावनांचं वावडं आहे त्यांनी कायदा बघावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीचा मूळ घाट बदलता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. 2021 पासून व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' असलेली वेगळी नंबर मालिका आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवीत, वीस हजार रुपये फी आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. बाबांची गाडी 2032 ला पन्नाशीची होईल. त्या नंबरच्या गाड्या रोज रस्त्यावर चालवता येत नाहीत, हे मला पटत नाही, पण ते राहू दे. ती पाटी मला आमच्या गाडीवर हवी होती. एका ग्राइंडरने ती गेली.

परत चिडलोय. असो.

'तुझी गाडी नाही, तुला काय त्रास' असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: बरोबर. ज्याची गाडी त्याचा पैसा, त्याची मर्जी. फक्त वारसा म्हणू नका. 'मी एक जुनी बॉडी घेतली आणि माझ्या आवडीची गाडी बनवली' असं लिहा, मी स्वतः येऊन बदाम देईन.

आता कामाचं. दादाशी बोलणं झालंय, गाडी तो मला द्यायला तयार आहे (बदल्यात काय मागितलंय ते इथे लिहीत नाही). जमिनीचा पत्रा बदलून देईल असा जुना टिंकर मिळालाय, हाताला थरथर आहे पण हातोडी पडली की थांबते. मला हवंय: वरच्या गिअरचा दांडा आणि त्याच्या सगळ्या कड्या, मूळ गिअरबॉक्स आणि पुढची अखंड बाकवाली सीट. फोम गेलेला असला तरी चालेल, सांगाडा सरळ हवा. पुण्यातली नाना पेठ पालथी घालून झाली, पुढच्या आठवड्यात कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातोय. कुणाच्या गोठ्यात, गॅरेजमागे, मामाच्या परसात एखादी फियाट सडत असेल तर मेसेज करा. घासाघीस करणार, आधीच सांगतो.