माहितीखाली नाव कुणाचं?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट ठरवली. संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुटका. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून हातात दिलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, त्यावर काढलेला हा तोडगा. पेपरांनी कौतुक केलं, आणि आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून जी जुंपली ती अजून अधूनमधून पेटते. एक पार्टी म्हणते, भोंगा गावोगाव पाहिजे. दुसरी म्हणते, शाळेचा अभ्यासच मोबाइलवर येतो, बंद काय करता?

मी टोरांटोत राहतो, पण मत विचाराल तर भोंग्याच्या बाजूने. एकट्या आईबापाने पोराच्या हातातून फोन हिसकावण्यापेक्षा सगळ्या गावाने मिळून दीड तास बंद ठेवणं कितीतरी शहाणपणाचं. फक्त हे भांडण चालू की बंद याच्यापुढे सरकत नाही. साडेआठनंतर त्या फोनवर जे येतं ते कुणी लिहिलेलं असतं, याचं कुणाला काही पडलेलं नाही.

कॅनडातही बटणावरूनच भांडण झालं, बटण मात्र कंपनीच्या हातात होतं. 2023 साली इथल्या संसदेने कायदा केला, की गूगल आणि मेटा यांनी बातम्यांच्या बदल्यात वृत्तसंस्थांना पैसे मोजावेत. गूगलने वर्षाला 10 कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. मेटाने त्या ऑगस्टपासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच बंद केलं. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळ वणवा येऊन ठेपला आणि सुमारे 20,000 लोकांना घरंदारं सोडून निघावं लागलं. कुठला रस्ता चालू, निवारा कुठे, हे सांगणाऱ्या बातमीची लिंक फेसबुकवर टाकता येईना. लोक बातमीचे स्क्रीनशॉट काढून टाकत होते. कंपनीचा हट्ट मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. तरी यलोनाइफकरांचं एक बरं होतं. केबिन रेडिओ नावाचं तिथलंच एक छोटं वृत्तकेंद्र त्यांच्या सवयीचं होतं, लोक थेट त्याच्या संकेतस्थळावर जात. बातमी कोण देतंय आणि चुकली तर जाब कुणाला विचारायचा, हे ठाऊक होतं.

सांगलीच्या पुराशेजारी हे ठेवून बघा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. नदीकाठच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पातळी मोजणारं खातं आहे, कोयनेतून किती क्युसेक सोडलं तेही जाहीर होतं, म्हणजे मूळ माहितीत खोट नाही. ती फिरायला लागली की बघा. पहिल्या ग्रुपवर येते तेव्हा तारीख, वेळ, खात्याचं नाव सगळं असतं. तिसऱ्या ग्रुपवर वेळ गळते. पाचव्यावर खातं गळतं आणि वर 'अतिमहत्त्वाचे, सर्वांना पाठवा' चिकटतं. मग सकाळचा आकडा रात्री नवा होऊन येतो आणि गावभागातली म्हातारी माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. त्यात 2019 चे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून निघतात ते वेगळंच. माझी इथे दुपार असते, तिकडे रात्र. काळजीने फोन केला की काका म्हणतात, "तू तिथनं आमाला काय सांगतोस? मी गच्चीवर उभा हाय." बरोबरच आहे त्यांचं.

पाणी उतरलं की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. सांगलीत ते अनेकांना पटलं नाही. न पटायला माझी हरकत नाही. पण दोन्ही बाजूंनी फिरणाऱ्या नकाशांवर ते काढणाऱ्याचं नाव मी तरी पाहिलेलं नाही.

शेतात या निनावीपणाचे पैसे पडतात. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना ज्ञान वाटून घ्यायला इंटरनेटने शिकवलं, असं कुणी म्हणू नये. तास-ए-गणेश ही जात तासगावजवळच्या बोरगावच्या बागेत निवडून काढलेली, तिथून ती राज्यभर गेली. दुसऱ्याच्या बांधावर जायचं, पान उलटून बघायचं, मालकाला विचारायचं, ही रीत जुनीच. आता पानाचा फोटो निघतो. माझा चुलतभाऊ सांगतो, "डावणी रोगाचा फोटो टाकला की धा मिनटांत पाच औषधं येत्यात. कोण दुकानदार, कोण सल्लागार, कोण नुसताच हौशी, काय कळत न्हाई. वळखीच्या चार बागांत मारलेलं असंल तरच मी मारतो." बेदाण्याच्या सौद्याचा दर त्याला आता घरबसल्या कळतो, त्यावर तो खूश आहे. नाशिकच्या व्हिडिओतलं वेळापत्रक आपल्या पावसाला चालेलच असं नाही, हेही त्याला कळतं, कारण बाग तो वडिलांच्या हाताखाली शिकला. यंदा पहिल्यांदा बाग धरणाऱ्या पोराने काय करायचं?

नाव घालायची रीत आपल्याला नवी नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड 1976 चा. आता तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. भाषा जड, पुष्कळ माहिती जुनी झालेली, दहावीच्या पोराला दुसऱ्या ओळीला जांभई यावी अशी. पण नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. एआयला मराठीत विचारलं तर झकास, गुळगुळीत उत्तर मिळतं. त्यात वाईची नोंद किती आणि औषधवाल्याचा व्हिडिओ किती, ते उत्तर वाचून सांगता येत नाही.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं, त्यावर घरी बसून ई-पुस्तकं आणि जगभरचे पेपर वाचता येतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे सायबर हल्ला झाला आणि काही महिने संगणक ठप्प. परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात म्हणून ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तकं पुराने भिजवली, इथली अशी अडकली. तरी इथून एकच वस्तू न्यायला सांगितली तर मी ग्रंथपालाचं टेबल नेईन. तुम्ही काहीही विचारा, तिथे बसलेलं माणूस ते शोधून देतं आणि कुठून शोधलं तेही सांगतं. त्यासाठीच त्याला पगार असतो.

आपल्याकडे अनुदानावर चालणारी अ, ब, क, ड दर्जाची वाचनालयं गावोगाव आहेत. 'ड'मधल्या कित्येकांचा ग्रंथपाल म्हणजे संध्याकाळी कुलूप काढणारा माणूस. त्याला काम द्यावं. पुराच्या दिवसांत पातळीचा मूळ निरोप तारीख-वेळेसह गावाच्या ग्रुपवर टाकायचा. हंगामात पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला सोप्या मराठीत उतरवायचा. खाली स्वतःचं नाव. चुलतभावाने लगेच विचारलं, पगार कोण देणार? सरकारी अनुदानात हे बसणार नाही, हे मान्य. पण तासगावकडचे कितीतरी बागायतदार सल्लागाराला हंगामाचे पैसे मोजतातच. त्यातले थोडे सगळ्यांनी मिळून वाचनालयात भरले, तर एका गावापुरतं सुरू करायला कुणाच्या मंजुरीची वाट बघायला नको.