नदीचं माप मे महिन्यात घेऊ नका

आमच्या आजोळी पूर येत नाही, नदी येते. "नदी उनी!" अशी हाक वरच्या आळीतून आली की खालच्या आळीतल्या बाया आधी वाळत घातलेलं गोळा करायच्या, मग पोरं. वर्षातले दहा महिने जी दारासमोर गोटे उघडे टाकून पडलेली असते, ती 'आली' म्हणजे काय, हे मला लहानपणी कळत नसे. कळलं ते एका पोळ्याच्या सुमारास.

गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. नदीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे आहे. मामा आणि मी बैलगाडीने कोरड्या पात्रातून पलीकडे निघालो होतो. डोक्यावर लख्ख ऊन, फक्त डोंगरावर काळं दिसत होतं. काठ उतरायच्या आधीच बैल अडले. मामाने एकदा हाकललं, दुसऱ्यांदा हाकललं नाही. कान देऊन उभा राहिला. मग मलाही ऐकू आलं, जात्यावर हरभरा भरडावा तशी घरघर. वळणावरून जे आलं त्याच्या तोंडाशी पाणी नव्हतंच. पाचोळा, काटक्या, फेस आणि एक मेलेली घोरपड, असा कमरेएवढा ढीग चालत आला आणि त्याच्या मागून तांबडं पाणी. आपटणाऱ्या धोंड्यांचा आवाज पायाखालच्या मातीतून येत होता. चार तास आम्ही अलीकडेच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पोरं पाण्यासाठी वाळूत झिरे उकरत बसलेली.

माझं घर भडगावचं, गिरणाकाठचं. गिरणेचं तसं नसतं. ती कळवणच्या बाजूला सह्याद्रीत निघते, वाटेत पुनद, आराम घेते, मालेगावात मोसम घेते, मग पांझणच्या गिरणा धरणात थांबते. साडेएकवीस टीएमसीचं, १९६९ साली पूर्ण झालेलं हे धरण भरलं की दारं उघडायच्या आधी गावोगाव दवंडी, आता मेसेज. गिरणा कळवून येते. सातपुड्याच्या नद्या कडी न वाजवता घरात शिरतात.

हा स्वभावाचा फरक नकाशात सरळ दिसतो, पण शाळेत आम्हाला तापीच्या उपनद्या फक्त पाठ करायला लावल्या. तापी मुलताईला निघून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये खचलेली जमीन, त्या खोलगटातून तिची वाट. पण ती मधोमध वाहत नाही, सातपुड्याकडे सरकून वाहते. त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळाली. पूर्णा चांगदेवला भेटते, मग वाघूर, गिरणा, अमळनेरची बोरी, मुडावदला पांझरा, पुढे बुराई, अमरावती. उत्तरेकडून सुकी, मोर, गूळ, अनेर, अरुणावती आणि प्रकाशाला मिळणारी गोमाई. यांना डोंगर उतरला की तापी समोरच. उतार उभा, अंतर थोडं. ढग डोंगरावर फुटला की पाणी गावात यायला गुरं परत यायचाही वेळ लागत नाही.

(तोरणमाळच्या बाजूला तर एकाच डोंगरावरचा पाऊस दोन नद्यांत वाटला जातो. दक्षिणेकडचा तापीला, उत्तरेकडचा धडगावच्या उदईतून नर्मदेला. शेवटी दोघी पोचतात खंबातच्या आखाताकडेच, म्हणजे भांडून वेगळ्या झालेल्या जावा एकाच माहेरच्या.)

आता माझं म्हणणं. या नद्यांना आपण 'नाला' म्हणायला लागलो आणि तिथेच फसलो. मे महिन्यात जाऊन बघितलं तर पाण्याची धार हातभर आणि गोट्यांचं पात्र दोन शेतांएवढं. लगेच आपण म्हणतो, एवढी जागा वाया कशाला? पण ते गोटे नदीनेच आणलेत. डोंगर संपतो तिथे पाण्याचा जोर एकदम मोडतो आणि आणलेलं सगळं ती तिथेच टाकते, मोठे धोंडे आधी, मग गोटे, मग वाळू. हजारो वर्षं अशीच टाकत आल्याने पायथ्याला जाड भरावाचा पट्टा तयार झालाय. भूगर्भवाले त्याला बजाडा म्हणतात. नदी या पट्ट्यात शिरते आणि पाणी खाली मुरतं, म्हणून तर ती लवकर कोरडी दिसते. रावेर-यावल-चोपड्याच्या विहिरींना आणि केळीला जुन्या काळापासून पाणी पुरवलं ते याच मुरलेल्या पाण्याने. ज्या नदीला वेडी म्हणून शिव्या देतो, तिच्याच वेडेपणावर आपल्या केळीचे घड लोंबतात. आता उपसा इतका की विहिरी सोडून बोअर, आणि बोअरही दरवर्षी खोल. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापीच्या मेगा रिचार्जचा करार केला. पाणी त्याच पट्ट्यात मुरवायचं आहे. चांगलंच आहे. पण एका हाताने कोटींचा रिचार्ज आणि दुसऱ्या हाताने पात्रातले गोटे ट्रॅक्टरने उचलायचे, हा हिशोब मला लागत नाही.

दक्षिणेकडचे सगळे निर्धास्त, असंही नाही. ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. तितूर आणि डोंगरी रात्रीतून चाळीसगावात शिरल्या, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या. या दोन्ही अजिंठ्याच्या डोंगरातून थेट उतरणाऱ्या. एरवी त्यांच्या पुलावरून जाताना कुणी मान वळवूनही बघत नव्हतं.

जुन्या लोकांना माप माहीत होतं. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरची फड पद्धत बघा, तीनशेहून जास्त वर्षांची. बंधारा बुटका, एकाखाली एक. पूर अडवायचाच नाही, तो डोक्यावरून जाऊ द्यायचा, राहिलेलं पाणी पाटात घ्यायचं. गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पाळीने पाणी सोडायला पाटकरी. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, भांडण नाही. (थोडं असेलच. खानदेशात पाण्यावरून भांडण नाही म्हणणं जरा जास्त होईल.) आणि आम्ही गिरणेवर सात बलून बंधारे, म्हणजे फुगवता येणारे रबरी बंधारे, होणार, हे ऐकत केस पांढरे केले.

गेल्या महिन्यात आजोळी गेलो होतो. ज्या वळणावर बैल अडले होते तिथे सपाटीकरण झालंय. गोटे उचलून भराव टाकलाय, चुन्याच्या रेघा मारल्यात, प्लॉटला नंबर आहेत. बोर्डावर लिहिलंय, 'नदीकिनारी निसर्गरम्य'. मामा आता ऐंशीला टेकलाय. काठी टेकत आला आणि मला काठावरचं बाभळीचं जुनं खोड दाखवलं. त्याच्या वरच्या फांदीच्या बेचक्यात वाळलेला पाचोळा आणि काटक्या अडकलेल्या होत्या, माझ्या डोक्याहून हातभर उंच. बेचक्याच्या खालीच प्लॉट नंबर ७ सरळ दिसत होता.

मामाने एक खुंटी काठीने हलवून बघितली. सागाची होती.

"खुट्या सागन्या शेतस," म्हणाला. "वाही गयात तं खाले कोनले तरी सापडतीन."