इनकमिंग येत नाही म्हणून *#२१# दाबण्याआधी

पेडण्यापासून काणकोणपर्यंत, वाड्यावरच्या, देवस्थानाच्या, शाळेच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: "तुमच्या फोनवर इनकमिंग येत नाही? फोन हॅक झाला आहे. *#२१# दाबा, यादी आली तर तुमचे कॉल दुसरा कोणी ऐकतो आहे. *#६२# वर दिसणारा नंबर हॅकरचा. ##००२# दाबलं की सगळं बंद. रेंज फुल असेल तर दोष नेटवर्कचा नाही. एवढं करून जमलं नाही तर फोन फॅक्टरी रीसेट करा."

यातले कोड खरे आहेत, म्हणून मेसेजवर विश्वास बसतो. त्यांचे लावलेले अर्थ मात्र चुकीचे आहेत, आणि शेवटच्या सल्ल्याने लोकांचे फोटो आणि नंबर विनाकारण जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"इनकमिंग येत नाही म्हणजे हॅक." ज्याला तुमचं बोलणं चोरून ऐकायचं आहे, तो तुमचा फोन वाजणं बंद करणार नाही. फोन न वाजण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, आणि ती शोधायची सुरुवात तुमच्या फोनवरून नव्हे, समोरच्याच्या कानावरून करायची. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला कॉल लावा, स्पीकर चालू ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका.

समोर पूर्ण रिंग जाते, तुमचा फोन गप्प, पण नंतर "रिसेंट"मध्ये मिस्ड कॉल दिसतो? मग नेटवर्कने आपलं काम चोख केलं आहे. दोष आवाजात, डू नॉट डिस्टर्बमध्ये किंवा बेडटाइम मोडच्या ठरवलेल्या वेळेत आहे. ब्लूटूथही पाहा, रिंग गाडीच्या स्पीकरवर किंवा पिशवीतल्या इअरबडवर जात असेल. फोन वाजतो पण स्क्रीनवर कॉल येत नाही, अशी तक्रार असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, फोन, नोटिफिकेशन्स इथे जा. तिथे इनकमिंग कॉलचं बटण बंद झालेलं सापडतं. बॅटरी वाचवायच्या नादात किंवा दुसरं डायलर ॲप टाकताना ते बंद होतं.

आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू असली की सेव्ह नसलेला आणि तुम्ही अलीकडे कॉल न केलेला नंबर सहसा न वाजता यादीत जातो. ०८३२ ने सुरू होणारा लँडलाइन, म्हणजे इस्पितळ, शाळा किंवा सरकारी कार्यालय, हमखास यात अडकतो. घरात कोणी आजारी असेल तर ही सोय आजच बंद करा.

समोर रिंग गेली, पण तुमच्याकडे मिस्ड कॉलसुद्धा नाही, तर ब्लॉक लिस्ट आणि स्पॅम रोखणारं ॲप तपासा. नंतर फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचा कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेला आहे का, ते पाहा. तुम्ही बोलत असतानाच लोकांना "बिझी" ऐकू येत असेल तर कॉल वेटिंग बंद आहे. *#४३# ने स्थिती कळते, *४३# ने ते चालू होतं. इनकमिंग सेवा बंद असल्याची घोषणा ऐकू आली तर रिचार्जची मुदत पाहा. आणि फोन चालू असताना "स्विच्ड ऑफ" किंवा "कव्हरेज क्षेत्राबाहेर" असं सांगितलं जात असेल, तर फोनची नोंद टॉवरवर टिकत नाही. त्याची कारणं रेंजच्या मुद्द्यात पुढे आहेत.

"*#२१# वर यादी आली म्हणजे कोणी ऐकतो आहे." हा कोड एवढंच विचारतो: येणारा प्रत्येक कॉल सरसकट दुसरीकडे वळवलेला आहे का? उत्तरात व्हॉइस, डेटा, फॅक्स, एसएमएस अशा ओळी दिसतात, कारण मूळ यंत्रणेत सेवांचे तेवढे प्रकार आहेत. प्रत्येकीपुढे "नॉट फॉरवर्डेड" असेल तर सगळं ठीक आहे. ओळींची संख्या पाहून घाबरायचं काही कारण नाही. शिवाय कॉल वळवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. वळवलेला कॉल दुसऱ्याच फोनवर वाजतो, तुमच्या चालू संभाषणात तिसरा माणूस शिरत नाही. कोड चाललाच नाही, "इनव्हॅलिड एमएमआय कोड" आलं, तरी तो हॅकचा पुरावा नव्हे. फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडा, तीच माहिती तिथे मिळते. दोन सिम असतील तर दोन्हींची वेगवेगळी पाहा.

"*#६२# वरचा नंबर हॅकरचा." हा कोड फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो ते सांगतो. तिथे बहुतेकदा कंपनीचा स्वतःचाच नंबर असतो: व्हॉइसमेलचा, किंवा "तुम्हाला अमुक नंबरवरून कॉल आला होता" हा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा. काही दोन सिमच्या फोनांत एका सिमवर बोलताना दुसऱ्याचे कॉल मिळावेत म्हणून फोनच एकमेकांवर कॉल वळवतो. तेव्हा तिथे तुमचाच दुसरा नंबर दिसतो. ही सोय नसेल तर एका सिमवर बोलणं चालू असेपर्यंत दुसरं सिम बाहेरच्यांना बंदच लागतं. दुकानाचा आणि घरचा नंबर एकाच फोनमध्ये ठेवणाऱ्यांची अर्धी तक्रार इथेच सुटते.

"##००२# दाबलं की सगळं बंद." सगळं फॉरवर्डिंग बंद होतं, हे खरं. पण त्यात मिस्ड कॉलचा एसएमएस आणि वर सांगितलेली दोन सिमची सोयही जाऊ शकते. अनोळखी नंबरवर सरसकट फॉरवर्डिंग दिसलं तरच हा कोड कामाचा. फोन सायलेंटवर असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

"रेंज फुल म्हणजे नेटवर्क ठीक." सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते सांगतात. आवाजाच्या कॉलसाठी तुमची नोंद झाली आहे का, ते सांगत नाहीत. ४जीवर कॉल व्होल्टेने येतो, म्हणजे आवाजही ४जी नेटवर्कवरूनच पोचवण्याच्या सोयीने. जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टे बंद झालं की इंटरनेट धावतं आणि कॉल येत नाही. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, मग ते सिम, मग व्होल्टे, हे चालू ठेवा. वर पट्टीत व्होल्टेचं चिन्ह दिसलं पाहिजे.

याहून वाईट प्रकार म्हणजे इंटरनेटचा वेग वाढवण्याचा एखादा व्हिडिओ पाहून *#*#४६३६#*#* च्या छुप्या मेनूत "फक्त ५जी" किंवा "फक्त ४जी" निवडणं. मग कॉलसाठी खालच्या नेटवर्कवर उतरायची वाटच बंद होते, आणि लोकांना तुम्ही कव्हरेजबाहेर लागू शकता. पसंतीचं नेटवर्क पुन्हा "ऑटो"वर आणा. जुनं, कात्रीने कापून नॅनो केलेलं सिम असेल तर दुकानातून बदलून घ्या. २जीच्या काळातलं सिम ४जीवर जातच नाही.

गोव्याचं भौगोलिक रूपही यात येतं. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि गच्चीवर घातलेले पत्रे सिग्नल अडवतात. सत्तरीच्या आणि सांग्याच्या डोंगरांमधल्या वाड्यांवर टॉवर डोंगराआड जातो. अशा घरात वाय-फाय कॉलिंग चालू करणं हा चांगला उपाय आहे, फक्त राउटर घराच्या मध्यावर ठेवा. कडेच्या सोप्यावर वाय-फाय जेमतेम पोचत असेल तर फोन त्यालाच चिकटून बसतो आणि कॉल हुकतात. पावसाळ्यात वीज गेली की राउटर लगेच बंद, आणि वीज बराच वेळ आली नाही तर टॉवरची बॅटरीही संपते. चवथीला सगळे मूळ घरी जमले की गावच्या एकाच टॉवरवर गर्दी होते, तेव्हा फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट. टेलिकॉमच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा एकच विभाग आहे, त्यामुळे पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलात तरी रोमिंग लागत नाही. पोळे ओलांडून कारवारला किंवा चोर्ला घाटातून बेळगावला गेलात की कर्नाटक सर्कल. नेटवर्क ऑपरेटर "मॅन्युअल" निवडलेला असेल तर तिथे फोन अडकू शकतो. तो "ऑटोमॅटिक" ठेवा, आणि सीमेवरून परतल्यावर ३० सेकंद एअरप्लेन मोड लावून काढा.

"जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट." हे करू नका. फॉरवर्डिंगची नोंद फोनमध्ये नसते, कंपनीच्या यंत्रणेत असते. फोन कोरा केला तरी ती तशीच राहते. त्याआधी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथे कॉल आले तर दोष फोनचा, नाही आले तर सिमचा किंवा कंपनीचा. फोनचा दोष ठरला तर "रीसेट नेटवर्क सेटिंग्ज" करा. वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातील, फोटो राहतील.

खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कोणीतरी *४०१* आणि पुढे एक दहा आकडी नंबर डायल करायला लावतो. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. एसएमएस वळत नाहीत, पण "ओटीपी कॉलवर सांगा" हा पर्याय वापरून तो तुमचं व्हॉट्सॲप उघडू शकतो. याच कारणाने दूरसंचार विभागाने कोड दाबून फॉरवर्डिंग करण्याची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला कंपन्यांना सांगितलं. तरी कोणाच्या सांगण्यावरून असा कोड दाबला असेल तर फॉरवर्डिंग रद्द करा, व्हॉट्सॲपवर टू-स्टेप पिन लावा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. आणि आतापर्यंत नीट चालणाऱ्या सिमची रेंज अचानक पूर्ण गेली, शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र आहे, तर थांबू नका. तुमच्याच नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला त्याच तासात कळवा.